धरणाचं पाणी नितळ, तरी टाकीत काळा थर का बसतो?

प्रश्न:
उन्हाळा अर्धा सरला की धरणातून येणाऱ्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. शुद्धीकरण केंद्रातून पाणी १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत, स्वच्छ निघतं. पण शहरातल्या टाक्यांच्या तळाशी काळा, बुळबुळीत थर बसतो. तुरटी वाढवून पाहिली, उपयोग नाही. जॅकवेलच्या (धरणातून पाणी उचलण्याच्या विहिरीच्या) वेगवेगळ्या खोलीवरच्या तीन झडपांपैकी सर्वांत खालची कायम उघडी असते. चूक कुठे आहे?

उत्तर १:
खालच्या झडपेतच. उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार पाणी त्यात मिसळत नाही. गाळातले जिवाणू तळाचा ऑक्सिजन संपवतात. मग गाळातून आधी मँगनीज, नंतर लोह विरघळून वर येतं आणि शेवटी हायड्रोजन सल्फाइड; सडक्या अंड्याचा वास त्याचाच. वास आला म्हणजे मँगनीज केव्हाच सुरू झालेलं असतं.

जॅकवेलजवळ होडीतून दर मीटरला तापमान आणि विद्राव्य ऑक्सिजन मोजा. ऑक्सिजन २ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली जातो त्या खोलीच्या वरची झडप उघडा. पण अगदी पृष्ठभागालगतची नको, तिथे शेवाळ असतं. मोजणी आठवड्याला करा, कारण साठा उतरतो तशी ही सीमाही सरकते.

उत्तर २:
झडप बदलून बरंच काम होईल, पण हवा गार होऊन सगळं पाणी उलथलं, म्हणजे वरचं-खालचं एक झालं, की कुठलीच झडप वाचवत नाही. त्याची तयारी हवी. विरघळलेल्या मँगनीजला रंग नसतो, तुरटीने ते पकडलं जात नाही. क्लोरीन त्याच्यावर फार सावकाश काम करतं, म्हणून ते गाळणीतून सुटतं आणि नळांत, टाक्यांत काळं होऊन बसतं.

पोटॅशियम परमँगनेट वापरा. हिशेबाने १ मिग्रॅ मँगनीजला १.९२ मिग्रॅ आणि १ मिग्रॅ लोहाला ०.९४ मिग्रॅ. सेंद्रिय पदार्थही ते खातात, त्यामुळे खरा डोस जार टेस्टनेच (भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून केलेल्या चाचणीने) ठरवा. मात्रा जॅकवेलपाशीच द्या, म्हणजे तुरटीच्या आधी वेळ मिळतो. गुलाबी छटा गाळणीपर्यंत टिकली तर डोस जास्त झाला.

नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळून मग नायट्रिक आम्ल घाला, सामू (पीएच) २ च्या खाली. प्रयोगशाळेत नेऊन गाळलात तर वाटेत साका (घन कण) झालेलं मँगनीज गाळणकागदावर अडकतं आणि विरघळलेलं कमी दिसतं.

उत्तर ३:
एक सावधगिरी. जुन्या गाळणीतल्या वाळूवर काळा लेप असेल, तर तो क्लोरीन असेपर्यंत मँगनीज धरून ठेवतो. गाळणीच्या आधीचं क्लोरीन अचानक बंद केलंत तर तोच लेप मँगनीज सोडू लागतो.

आणि नळांत साचलेलं आपोआप जात नाही. उगमाकडून टोकाकडे, झडपा बंद करून एकाच दिशेने, सेकंदाला १.५ मीटर वेगाने धुवा. १५० मिमी नळाला त्यासाठी सेकंदाला सुमारे २६ लिटर लागतात. एवढा प्रवाह मिळत नसेल तर एका वेळी धुवायचा भाग आणखी लहान करा, नाहीतर साका नुसता पुढच्या गल्लीत जातो.