व्हीआर (हेडसेटमधलं आभासी जग) लावलं की मुलांना ‘गाडी लागते’. अजिंठ्याच्या टूरमध्ये काय बदलावं?

तापीकाठ (जळगाव)
शाळेच्या लॅबमध्ये क्वेस्ट २चे चार व्हीआर हेडसेट आहेत, शिवाय मोबाइल घालून डोळ्यांना लावायचे सहा प्लास्टिकचे बॉक्स. युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अजिंठ्याची टूर बनवली आहे. व्ह्यू पॉइंटवरून पायऱ्या उतरायच्या, मग लेणी क्र. १, १९ आणि २६. नववी-दहावीची मुलं स्टुलावर बसून कंट्रोलरच्या स्टिकने पुढे सरकतात. पाच-सात मिनिटांत तिघाचौघांना मळमळ, घाम, डोकं जड. बॉक्सवाल्यांना तर दोनच मिनिटांत. एसी नाही, दोन पंखे आहेत. दोष हेडसेटचा, टूरचा, की मुलांनी सवय करायची? प्रवासाची गोळी देऊन चालेल का?

गिरणाथडी
सर, दोष मुख्यतः टूरचा आणि बॉक्सचा.

कन्नड घाटात एसटी लागते त्याचंच हे उलटं रूप आहे. घाटात कान सांगतो की आपण वळतोय, पण नजर पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेली असते. इथे नजर म्हणते चाललोय आणि कान म्हणतो स्टुलावर बसलोय. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका वळणं ओळखतात, आणि त्यांच्याशेजारचे दोन अवयव सरळ रेषेतला वेग वाढला-घटला की कळवतात. एकसारखा वेग मात्र कानाला कळतच नाही. म्हणून त्रास होतो तो निघताना, थांबताना, वळताना आणि चढ-उतारावर. आणखी एक गोष्ट: गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी माहीत असतं. कंट्रोलर मुलाच्याच हातात ठेवा, तुम्ही चालवून त्याला नुसतं बघायला लावू नका.

बॉक्स आजच बाजूला काढा. त्यातला मोबाइल डोकं वळलं एवढंच ओळखतो. मूल पुढे झुकलं तर अख्खं लेणं त्याच्यासोबत पुढे सरकतं. स्वस्त मोबाइलमध्ये कित्येकदा जायरोस्कोपच (वळणं मोजणारा सेन्सर) नसतो, मग चित्र थरथरतं आणि मान वळल्यावर उशिरा वळतं. सेन्सर दाखवणारं एखादं ॲप टाकून तपासा. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. पारा ४३-४४ला गेला की मोबाइल तापतो, प्रोसेसर स्वतःहून मंदावतो आणि फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रं) गळतात. बॉक्सवर फक्त तिपाईवरून काढलेले स्थिर ३६० अंशी फोटो दाखवा. मोटरसायकलवरचे, ड्रोनचे व्हिडिओ अजिबात नकोत.

बट्टीवाला
आता युनिटीचं बघू. आधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइम उघडा. फिक्स्ड टाइमस्टेप (हालचालीचं गणित किती सेकंदांनी होतं ते) ०.०२ असेल, कारण मुळात तोच असतो. म्हणजे सेकंदाला ५० वेळा. हेडसेट ७२ हर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवतो, मग काही फ्रेममध्ये मूल पुढे सरकतं, काहींत जागीच राहतं. सरकवण्याचा कोड फिक्स्ड अपडेटमध्ये (याच टाइमस्टेपने चालणाऱ्या भागात) असेल तर चित्र खडखडतं. डोळ्याला ते धड दिसत नाही, पोटाला कळतं. टाइमस्टेप ०.०१३८८९ करा किंवा तो कोड दर फ्रेमला चालणाऱ्या साध्या अपडेटमध्ये आणा.

मग ओव्हीआर मेट्रिक्स टूल (हेडसेटचा वेग मोजणारं ॲप) लावून एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ते बघा. ७२ला एक फ्रेम १३.९ मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवी, ९०ला ११.१. ७२ न हलता टिकत असेल तरच ९०कडे जा. कधी ९०, कधी ६० अशा धरसोडीपेक्षा एकसारखे ७२ बरे. फोटोंवरून बनवलेली लेण्यांची मॉडेलं फार जड असतात. मॉडेल ज्यांचं बनतं ते त्रिकोण कमी करा आणि प्रकाश आधीच बेक करून (मोजून मॉडेलवर चिकटवून) घ्या.

सगळ्यात वाईट जागा २६ नंबरची आहे. महापरिनिर्वाणाची मूर्ती डाव्या भिंतीत, आणि तिथे जायचं ते खांबांची रांग आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद वाटेने. डोळ्याच्या कडेने खांबामागून खांब सरकले की शरीराला आपणच वेगाने जातोय असं वाटतं. तिथे स्टिक बंदच ठेवा. टेलिपोर्टची (न चालता एकदम उडी मारून पोचायची) ठिकाणं नेमून द्या: दार, स्तूपासमोर, मूर्तीच्या पायाशी. व्ह्यू पॉइंटच्या पायऱ्या तर पूर्ण वगळा. चालताना डोकं वरखाली हलवणारा इफेक्ट असेल तर तोही काढा.

स्टिक ठेवायचीच असेल तर वेग १.४ मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवा. हळूहळू वाढणारा वेग नको, एकदम सुरू आणि एकदम बंद. हे वाचायला उलटं वाटेल, पण त्यामुळे वेग बदलण्याचा काळ कमी होतो. सरकताना कडा काळ्या करणारा व्हिन्येट लावा. वळण स्टिकने गुळगुळीत नको, ३० किंवा ४५ अंशांचे झटके द्या. त्याहून चांगलं म्हणजे फिरतं स्टूल: मूल खरंच वळलं की कान आणि डोळा एकच सांगतात.

तापीकाठ (जळगाव)
टेलिपोर्टमध्ये चालल्यासारखं वाटत नाही, अशी मुलांची तक्रार आहे. आणि लेन्सचं अंतर सगळ्यांना मधल्याच खुणेवर ठेवलंय, चालेल का?

बट्टीवाला
उड्या २-३ मीटरच्या ठेवा, मध्ये पाव सेकंद अंधार. पायांचा आवाज घाला, निम्मी तक्रार मिटेल.

लेन्सचं तसं चालणार नाही. क्वेस्ट २ला तीनच खुणा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. मुलाला लांब बघायला सांगून दोन बाहुल्यांच्या मध्यांतलं अंतर पट्टीने मोजा. ६१पर्यंत पहिली खूण, ६१ ते ६६ दुसरी, पुढे तिसरी. हजेरीपटात नावापुढे आकडा लिहून ठेवा. चुकलं तर डोळे ताणतात, कपाळ दुखतं. माहितीच्या पाट्याही डोळ्यापासून मीटरभर लांब लावा.

वैद्यबुवा
गोळीचं: शाळेने देऊ नये. प्रोमेथाझिन, सिनॅरिझिन यांनी झोप येते, आणि वीस मिनिटांच्या तासासाठी एवढं करायची गरज नाही. उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन घरोघरी असतं, पण या प्रकारच्या मळमळीवर त्याचा विशेष उपयोग होत नाही. आल्याचा तुकडा चघळला तर नुकसान नाही, पण भरवसा ठेवू नका.

पहिल्या दिवशी तीन ते पाच मिनिटं, बस. जांभया, तोंडाला पाणी सुटणं, गार घाम ही उलटीच्या बऱ्याच आधीची लक्षणं आहेत. त्यातलं एक दिसलं की हेडसेट काढायचा. ‘थोडं सहन कर’ म्हणायचं नाही, त्याने सवय होत नाही, मेंदू उलट हेडसेटचाच धसका घेतो. दर मिनिटाला ० ते ३मध्ये मळमळ विचारा, १ला सावध, २ला बंद. असं काही दिवस केलं की बहुतेकांची सहनशक्ती वाढते.

पंखा समोरून तोंडावर हवा. गारवा मिळतो आणि समोर कुठे आहे तेही कळत राहतं. उपाशीपोटी नको, शेवभाजी चापून आल्यावरही नको. फिट येण्याचा इतिहास असलेल्या मुलाला हेडसेट देऊच नका. हेडसेट उतरवल्यावर अर्धा तास तरी सायकल नको.

तापीकाठ (जळगाव)
टाइमस्टेप ०.०२च निघाला. फिरत्या स्टुलाऐवजी ऑफिसातल्या चाकाच्या खुर्च्या आहेत, त्या चालतील?

गिरणाथडी
नको. मूल वळलं की खुर्ची मागे घरंगळते, आणि डोळ्यावर हेडसेट असताना त्याला ते कळत नाही. बूड घट्ट, बैठक फिरती असं स्टूल बघा. चाकं काढून रबरी बूच बसवता येत असतील तर त्याच खुर्च्या चालतील.