जिमी कार्टर 'फेल' अध्यक्ष होते हे मला अजिबात पटत नाही

विक्रोळीकर:
29 डिसेंबर 2024 ला अमेरिकेचे माजी अध्यक्ष कार्टर गेले, शंभरी पूर्ण करून. तेव्हापासून त्यांचा विषय निघाला की एकच ऐकतोय, माणूस देवमाणूस पण अध्यक्ष म्हणून फेल. आता बघा, 1978 च्या सप्टेंबरात कँप डेव्हिडला, म्हणजे अमेरिकन अध्यक्षांच्या विश्रांतीच्या जागी, इस्राएलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना घेऊन हा माणूस 13 दिवस बसला, ते दोघं एकमेकांसमोर बसले की भांडण, म्हणून कार्टर स्वतः मसुदे घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या मारत होते. शेवटी बेगिन सगळं सोडून निघाले होते. तेव्हा कार्टरनी त्यांच्या नातवंडांसाठी फोटोंवर सह्या करून दिल्या, प्रत्येकाचं नाव घालून, आणि बेगिन ती नावं एकेक करून वाचता वाचता रडले. इजिप्त-इस्राएल तह त्यातूनच झाला, आणि तो आजही टिकलाय. पनामा कालवा पनामाच्या ताब्यात द्यायचा करार घ्या. अमेरिकेत लोकांना तो नको होता, सिनेटमध्ये 67 मतं लागत होती आणि मिळाली 68. मतांचा हिशोब करणारा नेता यात हात घालत नाही.

आमच्या विक्रोळीला या घराबद्दल वेगळी आपुलकी आहे. त्यांची आई लिलियन पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकेच्या स्वयंसेवक योजनेतून, इथे आल्या, 1966 ते 68, गोदरेज कॉलनीच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं, आल्या तेव्हा वय 68. असल्या घरातला माणूस आहे तो.

पालघरकर:
आईबद्दल आदरच आहे, पण आईचे मार्क मुलाला कशाला देताय? आमच्याकडे तारापूरच्या अणुवीज केंद्रात विचारा कार्टर कोण ते. अणुभट्ट्या अमेरिकन, 1963 चा करार 30 वर्षांचा, इंधन अमेरिकेनेच द्यायचं ठरलेलं. पोखरणची अणुचाचणी झाली 1974 ला, मग 1978 मध्ये अमेरिकेने स्वतःच्या घरात नवीन कायदा केला की सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी करू द्या, नाहीतर इंधन बंद. अहो, सही झालेल्या कराराच्या अटी मागाहून एकट्याने बदलायच्या ही कुठली नीतिमत्ता? त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत आले तेव्हा माइक चालू राहिला आणि सगळ्यांनी ऐकलं, परराष्ट्रमंत्री व्हान्सना सांगत होते की परत गेल्यावर पंतप्रधान मोरारजींना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहू. हेच हरियाणातल्या एका खेड्यात गेले आणि गावाने प्रेमाने कार्टरपुरी नाव लावून घेतलं!

विक्रोळीकर:
माइकचं खरंय, ते शोभलं नाही. पण अणुशक्तीच्या बाबतीत ते इतके कडक का होते हेही बघा ना दादा. 1952 ला कॅनडात चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली तेव्हा नेव्हीने ज्या तुकड्या पाठवल्या त्यातली एक या 28 वर्षांच्या पोराकडे होती. टेनिस कोर्टवर भट्टीची नक्कल उभी करून सराव केला, मग एकेकाने आत उतरायचं, जेमतेम दीड मिनिट, दोनचार बोल्ट काढायचे आणि वर यायचं. त्यापेक्षा जास्त थांबणं शक्यच नव्हतं. ज्याने ते अंगावर घेतलं तो सावध असणारच. आणि शेवटी 1980 ला त्यांनीच तारापूरला 38 टन इंधन मंजूर केलं, सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46 असं काठावर टिकवलं.

पालघरकर:
हो, केलं, पण कधी? रशिया अफगाणिस्तानात घुसल्यावर, भारताची गरज वाटायला लागल्यावर. म्हणजे तत्त्व वगैरे बाजूला राहिलं. आणि पुढे फ्रान्सने इंधन दिलं म्हणून तारापूर चालू राहिलं हे विसरू नका. अफगाणिस्तानचं तर विचारूच नका. तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीनांना मदतीच्या कागदावर कार्टरनी 1979 च्या जुलैत सही केली, रशियन रणगाडे यायच्या पाच महिने आधी! मानवाधिकारांवर बोलणारा माणूस पाकिस्तानच्या हुकूमशहा झियाला 40 कोटी डॉलर द्यायला निघाला, आणि झिया म्हणाला, शेंगदाणे, म्हणजे अगदीच किरकोळ. त्याचे चटके कोणी सोसले ते आपल्याला माहीत आहे.

न्यूजर्सीची_सून:
मी अमेरिकेत वीस वर्षं आहे, घरात सासरे 1974 पासूनचे, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. 1979 च्या उन्हाळ्यात पेट्रोलला रांगा, गाडीचा नंबर विषम असेल तर विषम तारखेला यायचं, सम असेल तर सम, पहाटे चारला जाऊन गाडी उभी करायची आणि कामावर त्याच कपड्यात जायचं. महागाई 13 टक्क्यांवर. अशा वेळी अध्यक्ष टीव्हीवर येऊन सांगतो की देशाचा आत्मविश्वास हरवलाय, लोक वस्तूंच्या मागे लागलेत. बोलणं खरं होतं, सुरुवातीला लोकांना आवडलंही, पण दोनच दिवसांत सगळ्या कॅबिनेटकडे राजीनामे मागितले, पाच जण गेले, आणि लोकांना वाटलं सरकारच कोसळतंय. दोन्ही सभागृहात स्वतःच्या पक्षाचं बहुमत असून त्यांच्याशी पटवून घेता आलं नाही. मी त्यांना फेलच म्हणेन, प्रेमाने म्हणेन पण फेल. 1980 च्या निवडणुकीत 489 विरुद्ध 49 इलेक्टोरल मतं असा पराभव उगीच होत नाही.

विक्रोळीकर:
ताई, रांगांचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण महागाई मोडली कोणी? व्होल्कर. त्यांना फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, प्रमुखपदी आणलं कार्टरनी, 1979 ला, हा माणूस व्याज वाढवणार हे ठाऊक असून. बँकांच्या कर्जाचा प्राइम रेट 20 टक्क्यांच्या वर गेला निवडणुकीच्या वर्षात. औषध यांनी पाजलं, बरं वाटल्याचं श्रेय पुढचे अध्यक्ष रीगन यांना गेलं.

मुक्ता_बीड:
तुम्ही सगळे चार वर्षांवर भांडताय, मी नारूवर बोलते. माझ्या आजीच्या घोट्यावर व्रण होता, लहानपणी आम्ही बोट लावून बघायचो. तिला नारू झाला होता, फोड फुटून पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून जातो. कित्येक आठवडे शेतात जाता येत नाही. बारवेत पाय घालून पाणी भरायचं, त्यातूनच तो पसरायचा. 1986 ला जगात साधारण 35 लाख रुग्ण होते, तेव्हा कार्टर सेंटरने हे काम घेतलं. 2024 ला माणसांतले रुग्ण उरले 15 च्या आसपास. लस नाही, औषध नाही, फक्त पाणी गाळून प्या हे गावोगाव सांगून! 1995 ला सुदानमध्ये यादवी चालू होती तर कार्टरनी दोन्ही बाजूंना थांबवलं, जवळजवळ सहा महिने, का तर गाळणीची फडकी गावात पोचावीत म्हणून.

पालघरकर:
मुक्ताताई, हे मोठंच काम आहे, हात जोडतो. फक्त आपल्याकडचा नारू आपल्या लोकांनी घालवला हे लिहून ठेवतो. आपला कार्यक्रम कार्टर सेंटरच्या आधीचा, 1983-84 चा. बारवा बंद केल्या, हापसे बसवले, आरोग्यसेवक गल्लोगल्ली फिरले, 1996 ला शेवटचा रुग्ण, 2000 ला प्रमाणपत्र. तुमच्या आजीच्या गावात फिरलेल्या त्या माणसांना कार्टरसारखं नोबेल कोणी दिलं नाही.

मुक्ता_बीड:
ते शंभर टक्के खरं. आमच्या गावचे ते कर्मचारी अजून आहेत, कापडाची गाळणी कशी बांधायची ते आईला त्यांनीच शिकवलं, आमच्या हंड्यावर ते फडकं अजूनही असतं.

न्यूजर्सीची_सून:
नारूचं वाचून गप्प झाले. पण माझं म्हणणं तेच, ती कामं माजी अध्यक्षाची, अध्यक्षाची नाहीत.

विक्रोळीकर:
मग अध्यक्षपदातलंच घ्या. इराणमध्ये अमेरिकन दूतावासातल्या 52 जणांना 444 दिवस ओलीस धरलं. तेहरानवर बॉम्ब टाकला असता तर कदाचित निवडणूक जिंकले असते. सोडवायला पाठवलेली मोहीम वाळवंटात फसली, 8 जवान गेले, ती जबाबदारी टीव्हीवर येऊन स्वतःच्या डोक्यावर घेतली. आणि शेवटच्या रात्री व्हाईट हाऊसमध्ये झोपले नाहीत, वाटाघाटी करत बसले. ओलिसांचं विमान सुटलं रीगनचा शपथविधी झाल्यावर. दुसऱ्या दिवशी जर्मनीत कार्टर त्यांना भेटायला गेले ते माजी अध्यक्ष म्हणून, पण 52 चे 52 जिवंत आले होते.