बाग वाढवतायत: आराखड्यावर सूचना देताना काय काय बघायचं?

पश्चिमपट्टा
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातलं लहान गाव, पट्टण पंचायत. सध्याची बाग साधारण एक एकर. तिला लागून दोन एकर सरकारी पड जागा आहे, ती जोडून बाग वाढवायचं ठरतंय. आराखड्यात पेव्हर ब्लॉकचा चालायचा ट्रॅक, लॉन, कारंजं, मुलांची खेळणी, ओपन जिम आणि एक रंगमंच आहे. जागा उताराची आहे, वरच्या अंगाला रस्ता आणि खालच्या अंगाला ओढा. माती तांबडी. सूचना द्यायला पंधरा दिवस आहेत. काम झाल्यावर ज्या चुका दुरुस्त होत नाहीत, त्या आत्ता कागदावरच कशा धरायच्या?

उतारा_आधी
खेळणी, कारंजं नंतर बघू. आधी ती दोन एकर कुणाच्या नावावर आहे ते बघा. आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढा आणि सर्व्हेचा नकाशा घ्या. जागा गायरान किंवा महसूल खात्याची असेल तर नुसत्या पंचायतीच्या ठरावावर भागत नाही. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ७१ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ती जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याचा आदेश लागतो. तो नसेल तर चार वर्षांनी तिथं एखादं कार्यालय उभं राहताना दिसेल आणि तुमच्या हातात दाखवायला काही नसेल.

दुसरं, उद्याने, मैदाने आणि मोकळ्या जागा यांच्या जतनासाठी कर्नाटकाचा १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली स्थानिक संस्थेनं अशा जागांची यादी करायची असते. तुमची जुनी एक एकर त्या यादीत आहे का ते विचारा, आणि नवी दोन एकरही त्यात घाला अशी लेखी मागणी करा. हद्द मोजून दगड रोवून घ्या, त्यानंतरच कुंपण. ओढ्याच्या अंगाला हद्दीचा वाद हमखास निघतो.

अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एस्टिमेट दाखवत नसतील तर माहिती अधिकारात मागा: फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. म्हणजे पंधरा दिवसांत ते हाती येणार नाही. सूचना आत्ताच देऊन टाका, माहितीचा अर्ज समांतर चालू दे.

जुनी झाडं तोडायची आहेत का तेही बघा. त्याला १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आराखड्यात प्रत्येक मोठं झाड गोल करून दाखवलेलं नसेल तर तो आराखडा जागेवर न जाता काढलाय, असं समजा.

चर_आणि_उतार
वरचा रस्ता आणि खालचा ओढा हे वाचल्यावर मला बाकी काही दिसेना. तुमच्या भागात बागेचं नुकसान पाणीच करतं. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडतं. तीन एकरांवर सहा लाख, आणि वरच्या रस्त्यावरून येणारं वेगळंच. हे कुठून जाणार त्याची रेघ नकाशावर आहे का? बहुतेक नकाशांत झाडांचे हिरवे ठिपके असतात, गटाराची रेघ नसते.

म्हणून सूचनेत हे लिहा:

वरच्या अंगाला, रस्ता आणि बाग यांच्या मध्ये, आडवा चर हवा. तो ओढ्यापर्यंत नेलेला असावा आणि त्याचं तोंड दगड रचून पक्कं केलेलं (पिचिंग) असावं, नाहीतर पहिल्याच पावसात काठ कापला जातो. तुमच्याकडे जांभा चिरा मिळतो, माती धरून ठेवणाऱ्या लहान भिंतींना तो सिमेंटच्या भिंतीपेक्षा बरा. पण अशा कोणत्याही भिंतीला तळाशी पाणी निघायची भोकं आणि मागे खडीचा थर पाहिजेच. भोकं नसतील तर मागचं पाणी भिंत ढकलून देतं.

चालायच्या वाटेला आडवा उतार ५० ला १, म्हणजे दोन मीटर रुंदीला चार सेंटिमीटर. वाट उताराच्या आडवी फिरवा. सरळ खाली नेली की पावसाळ्यात तिचाच ओहोळ होतो.

माती पाणी पिते का ते खर्च न करता बघता येतं. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा काढा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पातळी किती उतरते ते मोजा. तासाला एक इंचापेक्षा कमी उतरली तर तिथं लॉन किंवा खेळाची जागा घालू नका. घालायचीच असेल तर खाली खडीचा चर आणि छिद्रांचा पाइप हवा. वळवाचा पाऊस पडला की त्याच संध्याकाळी जागेवर जा. पाणी जिथं थांबलंय तिथं फक्कीनं (चुन्याच्या भुकटीनं) रेघ मारा आणि फोटो काढून सूचनेला जोडा. याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

रंगमंच आणि विजेचं पॅनेल वरच्या भागात न्या. ओढ्याकडच्या सखल पट्ट्यात फक्त झाडं आणि बाक ठेवा, म्हणजे पाणी चढून उतरलं तरी झाडून टाकता येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात पुरानं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

निपाणी_काळीमाती
वरच्या सगळ्याला दुजोरा. ट्रॅकचं मात्र थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यामुळे दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरून रोलर फिरवल्याशिवाय काहीच टिकत नाही. तुमच्या तांबड्या मातीत तो त्रास कमी, पण तिथं शेवाळ आहे. झाडाखालचे गुळगुळीत पेव्हर जुलैपासून निसरडे होतात आणि पहाटे फिरणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात.

माझं मत असं: झाडांखाली मुरूम आणि वर दगडाची कच, दाबून बसवलेली. पेव्हर फक्त फाटकापासून शौचालयापर्यंत आणि व्हीलचेअरच्या वाटेवर. कचेची वाट दर पावसाळ्यानंतर डागडुजी मागते, हे खरं. पण तो मजुरांचा दोन-चार दिवसांचा खर्च, आणि गुडघ्यांनाही ती सोसते.

पेव्हर घालणारच असतील तर एस्टिमेटमध्ये जाडी आणि ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) वाचा. आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे फक्त चालण्यासाठी ५० मिलिमीटर आणि एम-३०, हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर आणि एम-३५. कचऱ्याची गाडी आत येणार असेल तर दुसरं धरा. दोन्ही कडांना कर्ब (कडेचे उभे दगड) घट्ट पाहिजे. कर्ब सुटला की बाजूच्या ओळी सरकतात, वाळू वाहते, मग मधले ब्लॉक खचतात. लोक ब्लॉकला दोष देतात, पण चूक कडेची असते.

झोपाळा_आणि_वाळू
मुलांच्या खेळण्यांचं राहिलं. खेळणी कॅटलॉगमधून निवडतात आणि त्यांच्याभोवतीची जागा कुणी धरत नाही. प्रत्येक खेळण्याच्या चहूबाजूंना सहा फूट मोकळी जागा हवी. झोपाळ्याला पुढे आणि मागे, वरच्या आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. दांडी आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा, मागे सोळा. एका चौकटीत दोनच झोपाळे, त्यांच्यात दोन फूट आणि खांबापासून अडीच फूट अंतर.

पडण्याची जागा काँक्रीट, पेव्हर किंवा दाबलेला मुरूम असता कामा नये. चार फुटांपर्यंतच्या उंचीला नऊ इंच वाळू चालते. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) आणि पाण्याला वाट द्या, नाहीतर ओल्या वाळूचा दगड होतो. आठवड्याला खोरं मारून ती सैल करायची आणि झोपाळ्याखालचा खळगा भरायचा. त्याहून जास्त उंचीला ही वाळू पुरत नाही. उंच घसरगुंडीखाली रबरी फरशा घ्या, पण किती उंचीच्या पडण्यासाठी त्या तपासल्यात त्याचा दाखला मागा. कडा उचलल्या की लगेच चिकटवायच्या.

कठड्याच्या गजांमधली फट साडेतीन ते नऊ इंचांच्या मध्ये नको. त्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून बसवली तर एप्रिलमध्ये दुपारनंतर तिला हात लावता येत नाही. तोंड उत्तरेकडे करा.

आणि कुंपणाला कण्हेर, बिट्टी लावू नका. दोन्ही विषारी, आणि लहान मुलं फुलं-फळं तोंडात घालतात. एस्टिमेटमध्ये ‘शोभेची झाडं’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथं नावं लिहून मागा.

पश्चिमपट्टा
खूप आभार. आणखी दोन गोष्टी. लॉनचा आग्रह मोठा आहे, त्याला काय उत्तर द्यायचं? आणि पोरं म्हणतात कबड्डी-खोखोला जागा ठेवा, तालमीची माणसं म्हणतात कुस्तीचा हौदा पाहिजे. दोन एकरात हे बसेल का?

चर_आणि_उतार
लॉनला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. एका एकराला सोळा ते वीस हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे तीन-चार टँकर, रोज. पावसाच्या गावातही मार्च ते मे पाणी कुठून आणणार ते आराखड्यात लिहायला सांगा. लॉन रंगमंचापुढच्या पाच-सहा गुंठ्यांपुरतं ठेवा, बाकी ठिकाणी हरळी आणि सावली. बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, जांभूळ. जांभूळ वाटेवर नको, फळांनी वाट चिकट होते. खड्डे तीन फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात काढून तापू द्या, मृगात लावा. कारंज्याला माझा विरोध आहे. पंप बंद पडला की उरतं ते डासांचं टाकं.

तालीम_मैदान
बसतं की. कबड्डीचं मैदान पुरुषांना १३ बाय १० मीटर, महिलांना १२ बाय ८, तेव्हा मोठं आखा, लहान त्यातच येतं. खोखोला २७ बाय १६. दोन्हींना चहूबाजूंनी तीन-चार मीटर मोकळे सोडा. हे सगळं मिळून वीस गुंठ्यांच्या आत येतं. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे संध्याकाळचं ऊन डोळ्यावर येत नाही. खडे चाळून काढलेली माती, आणि मध्य किंचित उंच. रंगमंचापुढची मोकळी जागा आणि खेळाचं मैदान एकच धरू नका. मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवले तरी माती बसत नाही आणि पाय मुरगळतात.

हौद्याला तुमच्या पावसात छप्पर हवंच, तेही चारी बाजूंनी पुढे काढलेलं. जोता बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर. तांबडी माती चाळून, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून रोज उकरायची. ओल आत गेली की माती आंबते आणि कातडीचे रोग सुरू होतात. ही माती सांभाळायला कोणती तालीम तयार आहे, तिचं पत्र सूचनेला जोडा. तसं पत्र नसेल तर हौदा मागू नका, तिथं कबड्डीचं दुसरं मैदान करा.

उतारा_आधी
शेवटचं एक राहिलं होतं. फाटकावर फिरते आडवे दांडे घालतात, त्यातून व्हीलचेअर आणि बाळाची गाडी जात नाही. ९० सेंटिमीटरची मोकळी वाट आणि १२ ला १ चा रॅम्प मागा. त्या वाटेनं दुचाकीही शिरेल, त्यासाठी माणूस ठेवावा लागतो, दांडा नाही. आणि माणसाचा विषय निघालाच आहे तर तीन एकराला निदान दोन माळी आणि एक राखणदार यांचा पगार दरवर्षीच्या बजेटमध्ये कोणत्या शीर्षकाखाली येणार, हे ठरावात लिहून घ्या. ठेकेदाराच्या दोष-दुरुस्तीच्या मुदतीत झाडं जगवणंही धरा: मेलेलं झाड त्यानंच बदलायचं आणि शेवटचं बिल मोजणी करूनच द्यायचं.

पश्चिमपट्टा
रविवारी वळवाची चिन्हं आहेत. फक्कीची पिशवी आणलीय, पाणी थांबेल तिथं रेघा मारतो आणि सोमवारी पोच घेऊन फोटो इथं टाकतो.