कंपनीचे मेल पार्टीच्या स्पॅममध्ये जातात नाहीतर गायबच होतात, ईमेल कोणाचा घ्यावा? (बजेट महिना २०० रुपये)

खोकेवाला_हिंगणा:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. कंपनीच्या नावाचं डोमेन आहे, मेल वेबसाइटच्याच होस्टिंगवर, चार आयडी. दिवाळीपासून असं होऊन राहिलं की कोटेशन पाठवलं का काही पार्ट्यांकडे स्पॅममध्ये जाते, काहींकडून ५५० एरर (म्हणजे समोरच्या सर्व्हरनं घेतलाच नाही) लागून वापस येते, आणि बुटीबोरीची एक मोठी पार्टी आहे तिथे तर पोहोचतही नाही न वापसही येत नाही. त्यांचा मेल त्यांच्या इंटरनेटवाल्या कंपनीचाच आहे. परचेसचे साहेब म्हणतात तुम्ही पाठवलंच नाही. अंबिया बहाराच्या वेळची संत्र्याच्या खोक्यांची ऑर्डर अशीच दुसऱ्याकडे गेली. चारही आयडी मिळून महिना २०० च्या वर जायचं नाही, बाबा देत नाहीत. काय घ्यावं?

विदर्भ_ट्रेडर्स:
गूगल वर्कस्पेस घे, डोळे झाकून. आम्ही गांधीबागच्या दुकानासाठी घेतलं, एक मेल इकडेतिकडे नाही. पैसे लागतात पण धंदा करायचा तर लागतातच.

खोकेवाला_हिंगणा:
भाऊ बजेट वर लिहिलं आहे.

विदर्भ_ट्रेडर्स:
हो वाचलं. तरी वर्कस्पेसच घे.

तर्रीपोहा:
मेल कायले पाठवता बे, व्हॉट्सॅपवर पीडीएफ टाका, दोन निळ्या टिका दिसल्या का विषय संपला. आमचं सगळं तसंच चालते.

खोकेवाला_हिंगणा:
मोठ्या कंपन्या व्हॉट्सॅपचं कोटेशन धरत नाहीत. त्यांना मेलची ट्रेल पाहिजे, ऑडिटले.

घरचा_सर्व्हर:
मी स्वतःचा मेल सर्व्हर चालवतो, घरीच, मनीषनगरला, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून. खर्च फक्त लाइट बिल. कोणाच्या बापाची भीती नाही.

पीसीडॉक्टर_सदर:
फोकनाड्या नको मारू भाऊ. घरच्या ब्रॉडबँडचे आयपी बहुतेक स्पॅमहाउसच्या (स्पॅमवाल्यांच्या याद्या ठेवणारी संस्था) पीबीएल लिस्टमध्ये असतात, म्हणजे या पत्त्यावरून थेट मेल यायलाच नको अशी नोंद. त्यात पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरचा मेल जायचा दरवाजा, बऱ्याच ठिकाणी बंद. तुझे मेल जातात कुठे?

घरचा_सर्व्हर:
स्टॅटिक आयपी घेतला आहे आणि लिस्टमधून काढून पण घेतला. रिव्हर्स डीएनएससाठी (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) इंटरनेटवाल्याच्या ऑफिसच्या चकरा मारल्या त्या वेगळ्या. जातात व्यवस्थित. म्हणजे बहुतेक जातात.

पीसीडॉक्टर_सदर:
"बहुतेक" 😄 खोकेवाले भाऊ, वापस आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर टाका, नुसतं ५५० सांगून काही समजत नाही. डोमेनचं नाव मेसेजमध्ये पाठवा, इथे नका लिहू.

धरमपेठवाल्या_काकू:
मी वेगळं मत मांडते. फिल्टर कडक आहेत तेच बरं. आमच्या ह्यांना हुबेहूब बँकेसारखा मेल आला होता, लोगो वगैरे सगळं, आणि पैसे गेले ते गेलेच. दोनचार चांगले मेल अडकले तर फोन करून सांगता येतं, गेलेले पैसे फोन करून येत नाहीत.

घरचा_सर्व्हर:
काकू, अडकवा ना, पण सांगा तरी. नियम असा आहे की सर्व्हरनं एकदा "घेतला" म्हणून २५० चं उत्तर दिलं की मेलची जबाबदारी त्याची, एकतर पोहोचवा नाहीतर वापस करा. गुपचूप फेकणं अगदीच खात्रीचा कचरा असेल तरच. अमेरिकेत व्हेरायझननं २००४-०५ मध्ये युरोपातून येणारे भरपूर चांगले मेल अडवले होते, लोकांनी कोर्टात खेचलं आणि शेवटी भरपाई देऊन तडजोड करावी लागली. आपल्याकडे कोण जाईल कोर्टात.

तर्रीपोहा:
व्हॉट्सॅप.

खोकेवाला_हिंगणा:
@पीसीडॉक्टर, पाठवलं. एररमध्ये ५.७.२६ आणि अनऑथेंटिकेटेड असं काहीतरी आहे.

पीसीडॉक्टर_सदर:
पाहिलं. तुमच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) एसपीएफच्या, म्हणजे तुमच्या नावानं मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीच्या, दोन ओळी आहेत, एक होस्टिंगवाल्याची, एक बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यानं टाकलेली. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो. दोन दिसले की समोरचा सर्व्हर कोणताच धरत नाही, पर्मएरर (नोंदच चुकीची) देतो. दोन्ही मिळून एक ओळ करा, दोघांच्या सर्व्हरची नावं (इन्क्लूड) तिच्यातच. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, तर नाहीच आहे. सीपॅनलमध्ये ईमेल डिलिव्हरेबिलिटी नावाचं पान आहे, तिथे लाल खूण दिसेल, रिपेअर दाबा. पण तुमचं डीएनएस दुसरीकडे असेल तर ते बटन चालत नाही, डीकेआयएमची की (किल्ली) हातानं तिकडे चिकटवावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं एसपीएफ किंवा डीकेआयएम सगळ्यांनाच लावलं आहे, दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्याले दोन्ही आणि वरून डीएमएआरसी (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) पण. हे सगळं फुकट होते, आधी हे करा, मग नवीन काय घ्यायचं ते घ्या.

विदर्भ_ट्रेडर्स:
वर्कस्पेसमध्ये हे काहीच करावं लागत नाही.

पीसीडॉक्टर_सदर:
लागते. तुमच्याकडे कोणीतरी करून दिलं असेल.

संत्राबर्फी:
झोहो मेल पाहा ना. चेन्नईची कंपनी आहे, सरकारी मेल पण तिकडेच गेले. फ्री प्लॅनमध्ये आयमॅप नाही, म्हणजे आउटलुक जोडता येणार नाही, वेबवर नाहीतर ॲपमध्ये पाहावं लागेल. मी ऑफिससाठी तेच घेतलं. आणि हो, एसपीएफ एकच ठेवा.

पीसीडॉक्टर_सदर:
तेच तर सांगितलं वर.

खोकेवाला_हिंगणा:
एसपीएफ एक केला, डीकेआयएम टाकला (डीएनएस खरंच दुसरीकडे निघालं, दुपार गेली). आता जीमेलवाल्या पार्ट्यांना इनबॉक्समध्ये जाऊन राहिले. बुटीबोरी मात्र अजूनही बंद. साहेबांनी आमचा आयडी कॉन्टॅक्टमध्ये टाकला तरी नाही.

पीसीडॉक्टर_सदर:
कॉन्टॅक्टचा उपयोग नाही, मेल त्यांच्या डब्यापर्यंत यायच्या आधीच वर अडकते. त्यांच्या आयटीवाल्याले सांगा, त्यानं त्यांच्या इंटरनेट कंपनीकडे तक्रार टाकून तुमचं डोमेन अलाऊ करून घ्यायचं, तारीख आणि वेळ देऊन, म्हणजे लॉगमध्ये सापडते. तुमच्या बाजूनं आयपी तपासा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर शंभर वेबसाइटा, त्यातली एखादी वर्डप्रेस हॅक झाली आणि तिथून व्हायग्राचे मेल सुटले का आयपी काळ्या यादीत आणि तुम्ही फुकटचे भरडले. म्हणून म्हणतो झोहोवर या, स्वस्त पॅक घ्या, आउटलुक पण जोडता येईल.

घरचा_सर्व्हर:
झोहोच, यावेळी मी पण.

खोकेवाला_हिंगणा:
सगळ्यांचे आभार. आयपी खरंच एका यादीत सापडला. होस्टिंगवाला त्रिमूर्तीनगरचाच आहे, त्याले बोललो, तो म्हणे वेगळा आयपी देतो, वर्षाच्या बिलात ॲडजस्ट करू. बाबांचा आणि त्याचा जुना व्यवहार आहे, उधारी पण चालते. तिथेच राहतो.

पीसीडॉक्टर_सदर:
नव्या आयपीची काहीच पत नसते भाऊ, सुरुवातीले त्याच्यावर पण संशयच घेतात. एकदम सगळ्या पार्ट्यांना कोटेशन नका सोडू, रोज थोडे थोडे. रिव्हर्स डीएनएस तुमच्या नावाचा करून मागा.

विदर्भ_ट्रेडर्स:
पाहा आता, पावसाळ्यापर्यंत परत येतील इथेच, वर्कस्पेसचं विचारायले.

मिहान_नाईटशिफ्ट:
माझं उलटं आहे, मलाच एचआरचे मेल येत नाहीत, ऑफर लेटर अडकलं आहे. कोणता प्रोव्हायडर घेऊ? बजेट शून्य.

तर्रीपोहा:
व्हॉट्सॅपवर मागव.