मदत हवी आहे: हेड कोच व्हीलचेअर वापरतात, रेफरी म्हणून काय काय बघायचं?

शिट्टीवाला:
नमस्कार मंडळी, बास्केटबॉलला बरीच वर्षं शिट्टी मारतोय पण हे पहिल्यांदाच समोर आलंय म्हणून विचारतो. पुढच्या स्पर्धेत एका टीमचे हेड कोच व्हीलचेअरवर आहेत. मॅच नेहमीचीच, व्हीलचेअर बास्केटबॉल नाही, खेळाडू सगळे धावणारे. मी क्रू चीफ, म्हणजे मुख्य रेफरी आहे आणि आयोजकांनी फोन करून सरळ विचारलं, सर त्यांना बसवायचं कुठे? प्रश्न ऐकूनच जरा खटकलं, बाकी कुठल्या कोचबद्दल असं कोण विचारतं, पण खरं सांगायचं तर माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं.

गोची अशी की नियमात सगळीकडे "उभं राहणं" आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे हेड कोच किंवा फर्स्ट असिस्टंट, दोघांपैकी एका वेळी एकानेच उभं राहायचं, बाकी बेंचने बसून राहायचं. आता हे कोच खुर्ची घेऊन साइडलाइनजवळ आले, सूचना देतायत, आणि त्याच वेळी असिस्टंट पण उभा आहे, तर ते दोघं धरायचे की एक? शब्दशः बघितलं तर उभा एकच आहे. पण समोरचा कोच बोंबलणार की यांचे दोन-दोन कोच चालू आहेत, आणि त्यालाही चूक कसं म्हणणार.

दुसरं म्हणजे सेफ्टी. बाउंड्री लाइनपासून २ मीटरच्या आत काही अडथळा नको, त्यात बेंचवर बसलेली माणसंही आली. उभा कोच लाइनला चिकटून असतो पण बॉलमागे कोणी अंगावर आलं तर टुणकन बाजूला होतो, खुर्चीला आडवी उडी कशी मारता येणार, आणि पुढचे फूटरेस्ट बरोबर नडगीच्या उंचीला. माझा पार्टनर म्हणतो त्यांना बेंचच्या पार शेवटच्या टोकाला ठेव, झंझट नको. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करायचं ते सांगा. नियमासकट सांगितलंत तर बरं, नाहीतर मॅचच्या दिवशी तिथे उभं राहून वाद घालत बसावं लागेल.

जुना_बोर्ड:
पार्टनरला सांग गप बस. टोकाला ठेवायचं म्हणजे एंडलाइनच्या (बास्केटमागच्या रेघेच्या) बाजूला, तिथून अर्धं कोर्ट बेंचवरच्या डोक्यांतून बघायचं. हेड कोच साधारण सेंटरकडच्या टोकाला बसतो, बेंच एरियाची ती रेघ सेंटर लाइनपासून ५ मीटरवर असते, तीच जागा यांना दे. एक खुर्ची उचलून बाजूला ठेवायची, झालं.

उभं राहण्याचं म्हणशील तर नियम कशासाठी आहे ते बघ. दोघं-तिघं लाइनवर फिरत ओरडायला लागले की स्कोअररच्या टेबलला दिसत नाही, रेफरीला ऐकू येत नाही, गोंधळ होतो. पाय सरळ आहेत की दुमडलेले याच्याशी काय देणंघेणं? मी असतो तर असं धरलं असतं: कोच बेंचच्या रांगेतून पुढे आले की ते "उभे", असिस्टंट खाली. कोच मागे रांगेत आले की असिस्टंटने उठावं. आणि हे मॅचच्या आधी दोन्ही कोचना एकत्र बोलावून सांगून टाक, म्हणजे तिसऱ्या क्वार्टरला कोणी नवीन नियम काढला म्हणून बोंब मारणार नाही.

चाकांवरचा_कोच:
मी स्वतः व्हीलचेअरवरून कोचिंग करतो म्हणून लिहितो. वरचं बरंचसं बरोबर आहे पण एक गोष्ट सुटली. मी मागे रांगेत असलो आणि असिस्टंट पुढे उभा राहिला की मला फक्त त्याची पाठ दिसते. बाकी कोच मान लांब करून बघतात, अर्धवट उठतात, मला ते जमत नाही. म्हणजे वरच्या हिशोबाने मला कायम पुढे राहावं लागणार आणि असिस्टंटने मॅचभर बसून राहायचं, किंवा मग तो उभा आणि मी आंधळा. यावर उपाय साधा आहे, असिस्टंटने उभं राहायचं तर माझ्या मागे किंवा एंडलाइनकडच्या बाजूला, माझ्यापुढे नाही. हे आमचं आम्ही बघू शकतो, पण तुम्ही त्याला एकदा सांगितलंत तर माझं काम हलकं होतं.

आणि रेफरी लोकहो, राग मानू नका, सगळ्यात जास्त आडवे तुम्हीच येता. बेंचच्या बाजूचा रेफरी बरोबर माझ्या डोळ्यासमोर येऊन उभा राहतो. उभ्या कोचला तुमच्या खांद्यावरून दिसतं, मला तुमच्या कमरेचा पट्टा दिसतो. तुमची पोझिशन सोडा असं म्हणत नाही, जागा तुमची ठरलेली असते मला माहितीये, पण बॉल डेड (खेळ थांबलेला) असताना एक पाऊल इकडेतिकडे झालात तरी चालतं.

सेफ्टीचं म्हणाल तर ब्रेक लावायचा की नाही ते मला ठरवू द्या. खेळ माझ्या बाजूला आला की मी आपणहून मागे सरकतो, मला पण पोरगं अंगावर पडलेलं नकोय. मात्र त्यासाठी मागे जागा लागते. माझ्या मागे पाण्याचे क्रेट आणि किटबॅगांचा ढीग असेल तर मी सरकणार कुठे? व्हीलचेअर जागच्या जागी फिरवायला साधारण दीड मीटरचा गोल लागतो, तेवढं मागे मोकळं ठेवायला लावा. बस, एवढंच काम आहे.

स्कोअरशीट_ताई:
टेबलच्या बाजूने सांगते, कारण आमच्याकडे कोणी बघत नाही. मॅचच्या किमान १० मिनिटं आधी हेड कोचनी नावं-नंबर तपासून सही करायची आणि पहिले पाच सांगायचे. टेबल स्टेजवर असेल किंवा मधे पायरी असेल तर कोचना तिथे बोलवत बसू नका, शीट पॅडला लावून त्यांच्याकडे न्या. टाइमआउटला काही अडचण येत नाही, कोचनी स्कोअररशी नजर भिडवून हाताने खूण केली तरी चालते, टेबलपर्यंत यायलाच पाहिजे असं नाही. फक्त टेबलवरच्याला आधी सांगून ठेवा की त्या कोपऱ्याकडे लक्ष ठेव, खाली बसलेल्या माणसाचे हात गर्दीत पटकन दिसत नाहीत.

आणि केबल!! स्कोअरबोर्डच्या वायरी बेंचच्या पुढून ओढलेल्या असतात, त्यावर पुढचं छोटं चाक अडकलं की माणूस तोंडावर आपटेल. वायरी टेबलच्या मागून घ्या, नाहीच जमलं तर रबरची पट्टी टाका.

फास्टब्रेक९:
एवढं काय कौतुक कळत नाही. नियम सगळ्यांना सारखे पाहिजेत. आज खुर्ची, उद्या अजून काहीतरी. आणि लाकडी कोर्टवर चाकांचे डाग पडले तर भरपाई कोण देणार?

चाकांवरचा_कोच:
अहो व्हीलचेअर बास्केटबॉल याच लाकडी कोर्टवर खेळतात, दहा-दहा खुर्च्या एकमेकांवर आदळतात. डाग न पडणारे टायर असतात. बुटांनी पडतात तेवढे सुद्धा पडत नाहीत.

कलम_वाचक:
फास्टब्रेक, नियम सारखे म्हणजे काय यावर अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती. केसी मार्टिन नावाचा गोल्फर, पायाचा आजार, त्याला चालत न जाता कार्ट हवी होती, पीजीए टूर (व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणारी संस्था) नाही म्हणत होती. २००१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. कोर्टाने विचार असा केला की चालणं हा खेळाचा गाभा आहे का, कार्ट दिली तर खेळच बदलतो का? उत्तर नाही आलं. तो तर खेळाडू होता, इथे आपण कोचबद्दल बोलतोय, जो बॉलला हातही लावत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही खेळात सहभाग आणि वाजवी सोय दोन्ही आहेत.

शिट्टीवाला:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. सेंटरकडची जागा, मागे मोकळं, वायरी मागून, असिस्टंट पुढे नाही, आणि दोन्ही कोचना एकत्र सांगणं, हे पक्कं. कोचना आजच फोन करून त्यांना काय हवंय ते आधी विचारतो, आपणच सगळं ठरवून मोकळं नको व्हायला.

अजून दोन शंका. त्यांच्याशी बोलताना वाकायचं का? आणि टेक्निकल (गैरवर्तनाबद्दलचा फाउल) द्यायची वेळ आली तर? खरं सांगतो, हात जड होईल.

चाकांवरचा_कोच:
वाकू नका, गुडघ्यावर तर अजिबात बसू नका, लहान मुलाशी बोलल्यासारखं वाटतं. दोन पावलं मागे उभे राहा म्हणजे मला मान वर करून बोलावं लागत नाही. खुर्चीच्या हँडलला हात लावू नका, कोणी टेकलं की मला ते पाठीत जाणवतं.

टेक्निकल बिनधास्त द्या. मी तोंड सोडलं तर इतरांना जेवढं मिळतं तेवढंच मला मिळालं पाहिजे, नाहीतर समोरचा कोच म्हणणार याला खुर्चीमुळे सोडलं, आणि ते मला जास्त लागतं. तसंच चाक रेघेवर जरासं गेलं म्हणून शिट्टी नको, बाकीच्यांचा बूट गेल्यावर जसं आधी नुसतं सांगता तसं सांगा.

जुना_बोर्ड:
यावरून आठवलं. स्वतःच्या वागण्याबद्दल २ टेक्निकल झाले की कोच बाद, आणि मग ड्रेसिंग रूममध्ये तरी जायचं किंवा बिल्डिंगबाहेर तरी. ड्रेसिंग रूम जिन्याखाली असेल आणि लिफ्टची चावी वॉचमनकडे, तर तू त्यांना बाद करून पाठवणार कुठे? अर्धा हॉल बघत असताना चावी शोधत बसाल. सकाळीच तो रस्ता एकदा चालून बघ, दाराची रुंदी सकट.

चाकांवरचा_कोच:
बरोबर बोललात. आणि बाहेर काढलंच तर मागून ढकलायला कोणाला पाठवू नका. मी माझा जाईन, रागात असलो तर जरा जास्तच वेगाने.

शिट्टीवाला:
हाहा, नोंद केली. हॉलवाल्यांना आत्ताच मेसेज टाकला लिफ्टच्या चावीबद्दल, ते म्हणतायत लिफ्ट आहे पण मॅचच्या दिवशी त्यात खुर्च्या भरून ठेवतात. आता त्यांच्याशी भांडतो आधी.