कंपनीचा रेडिओ ठेवायचाय, मग स्पीकरवर किती उधळायचं?

रास्तापेठी
गाडी २००९ ची होंडा सिटी. रेडिओ कंपनीचाच, डॅशबोर्डच्या साच्यात बसवलेला. सीडी नाही, यूएसबी आणि ऑक्स आहे, ठणठणीत चालतो. पुढच्या दारांतले स्पीकर मात्र फाटलेत. दुकानदार म्हणतो, कॉम्पोनंट (ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, वेगळा लावायचा सेट) टाका साहेब, तीनशे वॉटचे.

माझं मत उलट आहे. रेडिओ तोच राहणार असेल तर साधे कोॲक्सियल (ट्विटर स्पीकरच्या मधोमधच बसवलेले) पुरेत, आणि खोक्यावरचे वॉट सोडून सेन्सिटिव्हिटी बघावी, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो ते. बाहेरचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) नसेल तर अशा रेडिओतली चिप दर स्पीकरला खरे १५ ते २० वॉटच देते; '५० वॉट गुणिले ४' हा आकडा क्षणिक झटक्याचा. ९१ डेसिबलचा स्पीकर जेवढा आवाज काढतो तेवढा काढायला ८८ वाल्याला दुप्पट वॉट लागतात. ते आणायचे कुठून? शिवाय मी ऐकतो विविध भारती. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही येतच नाही. मग भारीतला ट्विटर कोणासाठी?

कुर्ला ते कणकवली
वॉटचं पटलं, पुढचं नाही. डेसिबलच्या आकड्यांवर एवढा भरवसा? कोणी १ वॉटवर मोजतं, कोणी २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट झाले, ३ डेसिबल फुकटात वाढले. तुमचे ९१ आणि ८८ एकच निघायचे.

दुसरं म्हणजे दारातला स्पीकर तुमच्या नडगीकडे तोंड करून असतो. कोॲक्सियलचा ट्विटरही तिथेच, म्हणजे निवेदक पायाशी बसून बोलतो. कॉम्पोनंटचा ट्विटर आरशामागच्या त्रिकोणात लावला की तोच आवाज काचेसमोरून येतो. विविध भारतीलाही हा फरक कळतो हो.

रास्तापेठी
म्हणूनच एकाच पद्धतीने मोजलेले आकडे ताडून बघायचे. आणि त्या त्रिकोणाला भोक पाडायला माझी तयारी नाही.

साधा माणूस
एवढा काथ्याकूट कशाला? डेकच, म्हणजे रेडिओचा सेटच बदला. अँड्रॉइड स्क्रीन फ्रेमसकट मिळते, रिव्हर्स कॅमेरा पण जोडता येतो.

कुर्ला ते कणकवली
स्वस्त अँड्रॉइड डेकमध्ये चिप त्याच जातीची असते, वॉट वाढत नाहीत. स्टिअरिंगची बटणं जुळवायची कटकट वेगळी. त्यापेक्षा सीटखाली छोटा ॲम्प टाका, हाय-लेव्हल इनपुटवाला. तो रेडिओच्या स्पीकर वायरीवरूनच सिग्नल घेतो. रेडिओ जागच्या जागी आणि स्पीकरला खरे ५० वॉट.

डोअरपॅड
फिटिंगचं काम करतो म्हणून लिहितोय. दोघंही स्पीकरवर भांडताय, दाराकडे कोणी बघत नाहीये.

जुन्या गाडीच्या दाराचं आतलं पॅड काढलं की आतलं प्लास्टिक फाटलेलं असतं, पत्र्याला हात जाईल एवढी भोकं. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) पुढचा आणि मागचा आवाज तिथून एकमेकांत मिसळतो आणि बेस मरतो. आधी ती भोकं डॅम्पिंग शीटने बंद करा. पण दाराच्या तळाची, पाणी जायची भोकं मोकळीच ठेवा! पावसाळ्यात काचेच्या पट्टीतून पाणी आत उतरणारच, ते तुंबलं की दार गंजतं. स्पीकर बसवायची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याची) नको, ओल लागली की फुगते. प्लास्टिकची घ्या. स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजा, नाहीतर मॅग्नेटला काच अडते.

जेबीएलचे काही स्पीकर ३ ओहमचे असतात, ते सहसा चालून जातात. २ ओहमच्या वाटेला जाऊ नका, चिप तापते. वायरी कापू देऊ नका, कंपनीच्या सॉकेटला बसणारा कपलर मिळतो. प्लस-मायनस कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे लागलाय तो प्लस. एका दाराचा उलटा जोडला गेला की बेस गायब, आणि गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर बोगस.

रास्तापेठी
म्हणजे माझंच खरं. कोॲक्सियल घ्यायचे आणि वाचलेले पैसे दारात घालायचे.

डोअरपॅड
तसं म्हणालो नाही. दार नीट असेल तर कॉम्पोनंटही खुलतात, फक्त ॲम्प हवा.

कुर्ला ते कणकवली
बघा! ॲम्प पुढच्या वर्षी आला तरी चालेल, स्पीकर एकदाच चांगले घ्या. कोॲक्सियल घेतलेत तर तेव्हा पुन्हा दार उघडाल. मागच्या स्पीकरवर मात्र एक रुपयाही घालू नका, त्यावर तरी वाद नसावा.

साधा माणूस
आहे ना. आमच्याकडे आई मागे बसते आणि भजनं तिलाच ऐकायची असतात.