पाच सृष्टी की तीन डोमेन? मदत हवी आहे

मंडळी, जरा सांगा ओ. पोरगं नववीत हाय, पुस्तकात शास्त्रज्ञ व्हिटाकरच्या १९६९ च्या सजीवांच्या पाच सृष्टी (मोठे गट) हायत, मोनेरा (केंद्रक नसलेले एकपेशी जीव) प्रोटिस्टा कवकं वनस्पती प्राणी, ते पाठ झालं. आता क्लासचे सर म्हणत्यात कार्ल वोझ या शास्त्रज्ञानं १९९० ला तीनच डोमेन (सृष्टीपेक्षाबी मोठे गट) केले, बॅक्टेरिया आर्किया आणि युकॅरिया. मग आर्किया (बॅक्टेरियासारखेच बारीक जीव) आधी मोनेरातच होते न्हवं, नुसत्या पेशीतल्या आरएनए रेणूवरनं वेगळे कसे काय काढले??

त्यात काल रंकाळ्यावर पाण्यावरचा हिरवा तवंग बघून म्हणतंय, पप्पा हे नीलहरित शैवाल असंल तर झाड न्हवं, मोनेरात येतंय. परसातली अळंबीबी वनस्पती न्हाई म्हणं, तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा कडक पदार्थ असतोय. मी आपला गप्प! बायोलॉजीवाले कोण हाय का, सोप्यात सांगा, शनिवारी टेस्ट हाय.